‘मी’ सांगते, तेव्हा ती कुठे उभी असते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तीन भागांची फँटसी साहसमालिका लिहायला घेतली आहे. नायिका सावी, वय 17. दगडाला हात लावला की त्या दगडासमोर पूर्वी जे घडलं ते तिला ऐकू येतं. निवेदन तिचंच, ‘मी’ म्हणून. पहिल्या भागाचे 60 हजार शब्द झाले आहेत. चौघांना वाचायला दिलं, तर तिघे म्हणाले, ‘सावी जबरदस्त आहे, पण आपली वाटत नाही.’ चौथा म्हणाला, ‘बाकीची माणसं तिचं सामान उचलायला ठेवल्यासारखी वाटतात.’ आणि आता सगळं ‘ती’मध्ये बदलून लिहावं का, असं तुम्ही विचारताय.

बदलू नका. निदान आज तरी नाही. पाच भागांची एक मालिका मी ‘मी’मधून लिहून पार पाडली आहे, आणि गेली बरीच वर्षं इतरांचे खर्डे वाचते. हे दुखणं ओळखीचं आहे, कारण माझ्या पहिल्या भागाला ते झालं होतं. व्याकरणातला पुरुष बदलल्याने ते जात नाही. ‘मी’च्या जागी ‘ती’ येते, आणि ‘ती’सुद्धा तितकीच लांबची वाटते. तुमच्या वाचकांची तक्रार निवेदनाच्या प्रकाराबद्दल नाहीच. सावी गोष्ट सांगतेय, पण कुणाला, कशासाठी आणि सगळं घडून गेल्यावर किती काळाने, हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही. त्यामुळे ती माणूस न राहता खिडकी झाली आहे. आपण तिच्यातून बाहेरचं बघतो, ती दिसत नाही.

तुम्ही नमुन्यादाखल दिलेला परिच्छेद घेऊ:

‘मी दरवाजा उघडला. मला आत अंधार दिसला. मी भिंतीला हात लावला. मला एक किंकाळी ऐकू आली. मी घाबरले नाही. मी तलवार उपसली.’

यात चूक एकही नाही, आणि सावीही नाही. आधी भाषेचं बोलू, कारण ते लगेच सुधारता येतं. सहा वाक्यं, सहाही ‘मी’ नाहीतर ‘मला’ने सुरू. मराठीला त्याची गरज नाही. ‘दरवाजा उघडला’, ‘तलवार उपसली’ इथे क्रियापद दरवाजाकडे आणि तलवारीकडे बघून चालतं. करणारी कोण हे एकदा कळलं की तिला पानभर गप्प ठेवता येतं. ‘थांबले’, ‘घाबरले’ अशी क्रियापदं बोलणारी बाई आहे हे आपणहून सांगतात. इंग्रजी फँटसी भरपूर वाचणाऱ्यांच्या मराठीत ‘मी’ची ही रांग हमखास लागते. माझ्याही लागायची. ‘मला दिसलं’, ‘मला ऐकू आलं’, ‘माझ्या लक्षात आलं’ हीसुद्धा त्याच रांगेतली. सांगणारी तीच आहे, मग दिसलं तिलाच असणार. अंधार आहे एवढं म्हटलं की पुरे. ‘मला दिसलं’ राखून ठेवा ते जिथे इतरांना दिसत नाही आणि तिलाच दिसतं तिथे. सावीच्या बाबतीत अशा जागा पुष्कळ असतील, म्हणून तर बाकी ठिकाणी ते खर्च करू नका.

पण नुसते ‘मी’ काढून माणूस येत नाही. मी तो प्रसंग असा लिहून पाहिला. तुमच्या गोष्टीतला म्हातारा नावाडी कोयाजी तेवढा उसना घेतला:

‘दरवाजा उघडला तर आत अंधार. भिंतीला हात लावायचा नाही असं वरूनच बजावून आले होते स्वतःला, पण पायऱ्या ओल्या होत्या आणि तोल गेला. किंकाळी एकाच बाईची होती. जुनी, पण झिजलेली नाही. “काय झालं गं?” कोयाजीने मागून विचारलं. “काही नाही,” म्हटलं आणि तलवार उपसली. रिकामा हात थरथरताना त्याला दिसला असता.’

घटना त्याच आहेत. पण आता सावीला एक गोष्ट टाळायची आहे, ती टळत नाही, आणि एक गोष्ट लपवायची आहे. ती कोयाजीशी खोटं बोलते, आपल्याशी बोलत नाही. जवळीक इथून येते. निवेदक जे जगापासून लपवते ते वाचकाला सांगते, म्हणून वाचक तिचा होतो. ‘मी घाबरले नाही’ असं तिने आपल्यालाही सांगितलं, तर कोयाजी आणि आपण एकाच पायरीवर उभे राहतो.

आणि इथेच ‘कणखर पात्र’ या शब्दाने तुमचा घात केलाय असं मला वाटतं. साहसकथेत कणखर म्हणजे न हरणारी, न रडणारी, प्रत्येक टोमण्याला चोख उत्तर देणारी अशी समजूत पसरली आहे. बाहेरून पाहिलेल्या पात्राला ते काही काळ शोभतंही. पण तेच पात्र स्वतःच्या तोंडाने सांगू लागलं की फुशारकी वाटते. आपणच आपल्याला शूर म्हणणाऱ्या माणसाशेजारी आपण किती वेळ बसतो? ‘मी’च्या निवेदनात ताकद दोनच ठिकाणी दिसते असा माझा अनुभव आहे. एक, नको असलेला निर्णय ती कसा घेते. दुसरं, तो घेतल्यावर स्वतःला कितपत माफ करते. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते फक्त ‘मी’लाच आतून सांगता येतं. तेच वापरायचं नसेल तर ‘मी’ घेतलाच कशाला?

प्रत्येक निवेदकाबद्दल मी तीन प्रश्न कागदावर लिहून घेते. तिला काय हवंय? स्वतःबद्दल तिची चुकीची समजूत कोणती? आणि तिच्या नजरेतून सहसा काय सुटतं? पहिल्याचं उत्तर सगळ्यांकडे असतं. दुसऱ्याला लोक अडखळतात. तिसरा प्रश्न बहुतेकांनी स्वतःला कधी विचारलेलाच नसतो, आणि आवाज घडतो तो तिथेच. सावीचे कान दगडांकडे लागलेले असतात. मग जिवंत माणसांचं बोलणं तिच्याकडून अर्धवट ऐकलं जात असेल का? भिंतीने शंभर वर्षांपूर्वीचं सांगितलेलं तिला शब्दशः आठवतं, आणि बरोबरचा माणूस सकाळी काय म्हणाला ते नाही. असं असेल तर तिची शक्ती आणि तिचा दोष एकाच मुळातून आले, आणि चौथ्या वाचकाच्या तक्रारीचं निम्मं उत्तरही मिळालं. बाकीची माणसं पुसट दिसतात कारण सावी त्यांच्याकडे बघत नाही. मात्र हे तुम्हाला माहीत असायला हवं आणि कधीतरी तिलाही कळायला हवं. तोवर पुसटपणाचा दोष लेखकाकडेच जातो.

जादूची किंमतही याच धाग्यावर ठेवा. फँटसीत शक्तीला किंमत हवी हे सगळेच सांगतात, आणि मग नाकातून रक्त येतं किंवा नायिका बेशुद्ध पडते. दुसऱ्या प्रकरणापर्यंत वाचकाला त्याची सवय होते. ‘मी’च्या गोष्टीत किंमत निवेदनातच दिसू शकते. समजा, दगडाची एक आठवण आत येताना सावीची स्वतःची एक बाहेर जाते. मग ती सांगतेय त्या गोष्टीलाच भोकं पडतील. पहिल्या प्रकरणात आईच्या हाताचं तपशीलवार वर्णन करणारी मुलगी विसाव्यात नुसतं ‘आईचा हात’ म्हणून पुढे जाईल. कुठेही ‘मी विसरत चालले आहे’ असं लिहावं लागणार नाही. हा माझा तोडगा झाला, तुमच्या कथानकात बसेलच असं नाही. पण शक्तीची किंमत सांगण्याच्या पद्धतीत उतरते का, हे तपासून पाहा.

आता ती कुठून सांगतेय याकडे येते. ‘मी’च्या गोष्टीत माणसं दोन असतात. एक जिच्यावर सगळं गुदरलं ती, आणि दुसरी जी ते आता सांगतेय ती. दोघींमध्ये एका रात्रीचं अंतर असेल तर गोष्ट धापा टाकत येईल. 40 वर्षांचं असेल तर पश्चात्ताप, विनोद, क्षमा हे सगळं येऊ शकतं, पण जिन्यावरची भीती थोडी निवते. दोन्ही चालतं. चालत नाही ते अंतर न ठरवणं. तुमच्या वर्णनावरून सावी एका पानावर ‘तेव्हा मला कुठे माहीत होतं’ म्हणते आणि पुढच्या पानावर तिला खरंच काही माहीत नसतं. वाचकाला नेमकं बोट ठेवता येत नाही, त्याला नुसतं दूर वाटत राहतं.

सांगण्यामागे कारण असलं की आवाज आपोआप बसतो. स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मध्ये, पुस्तकरूपात 1883 साली आलेल्या, गोष्ट सांगणारा मुलगा जिम सुरुवातीलाच सांगून टाकतो की सगळं लिहिणार आहे, फक्त बेटाचा ठावठिकाणा देणार नाही, कारण अजून काही खजिना तिथेच आहे. एका वाक्यात आपल्याला कळतं की मुलगा जगला, गोष्ट लिहून काढायला त्याला कुणी सांगितलंय, आणि तो काहीतरी राखून आहे. ‘नायिकाच सांगतेय म्हणजे ती वाचणार हे उघड, मग थरार कसला?’ या तुमच्या शंकेचं उत्तरही त्यात आहे. ती मरणार का, हा प्रश्न फार तर शेवटच्या मारामारीपुरता असतो. कोण तिच्यासोबत परत येणार नाही, तिने काय केलं की ते आता सांगावं लागतंय, आणि कुणापुढे, हे प्रश्न तिन्ही भाग पुरतात.

त्याच पुस्तकातला आणखी एक तपशील तुमच्या उपयोगाचा आहे. जिम बेटावर पळतो आणि जहाजावरच्या घडामोडी त्याला दिसणं शक्य नसतं, तेव्हा 16 ते 18 ही तीन प्रकरणं डॉक्टर सांगतो. मग गोष्ट पुन्हा जिमकडे येते. निवेदकाला दिसत नाही ते दाराआडून चोरून ऐकवण्यापेक्षा हे सरळ बरं. माझ्या पहिल्या भागात माझी नायिका पाच वेळा पडद्यामागे उभी राहून ऐकते. संपादकांनी समासात लिहिलं होतं, ‘हिला पडद्यांचा व्यवसाय आहे का?’

तर परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही सांगते. तुमचा दुसरा-तिसरा भाग मी पाहिलेला नाही. सावी डोंगरात असताना राजधानीत जे शिजतंय ते प्रसंग म्हणून दाखवल्याशिवाय गोष्ट समजणारच नसेल, आणि असे प्रसंग भागाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके असतील, तर एकटी ‘मी’ पुरणार नाही. मग एकाहून अधिक ‘मी’ घेता येतात, आणि मराठी वाचकाला त्याची सवय आहे. ‘ययाति’त तिघं आळीपाळीने सांगतात. ‘मृत्युंजय’मध्ये नऊ खंड आहेत आणि त्यांतले कर्णाचे स्वतःचे चारच. कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन यांना तो कसा दिसतो ते उरलेल्यांतून कळतं, आणि शेवटचा खंड श्रीकृष्णाचा. कर्णाचा मोठेपणा कर्णानेच सांगायचा असता तर तो आपल्याला इतका पटला असता का, याचा विचार करा. पण दोन ‘मी’ घ्यायचे तर नाव झाकून कुठलाही परिच्छेद वाचला तरी कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. प्रकरणावर नाव लिहून भागत नाही.

आणि एक प्रश्न विचारताना मलाच धाकधूक होते, कारण उत्तर ‘नाही’ आलं तर तुमचे 60 हजार शब्द जातील. सावीची गोष्ट सावीनेच सांगायला हवी का? असामान्य माणूस शेजारच्या साध्या माणसाने सांगितला की जास्त उजळतो. शेरलॉक होम्सच्या 60 कथा-कादंबऱ्यांपैकी बहुतेक वॉटसन सांगतो. होम्स स्वतः निवेदक आहे अशा कथा दोनच, दोन्ही 1926 सालच्या, आणि त्यांतल्या एकीत तो कबूल करतो की वाचकाला धरून ठेवणं वाटलं तितकं सोपं नाही. तुमचं मन सावीच्या आत नसेल, तिच्याकडे बघण्यात असेल, तर कोयाजी चांगला निवेदक आहे. पण दगड काय बोलतात ते मग आपल्याला कधीच थेट ऐकू येणार नाही. तो तोटा मला मोठा वाटतो, म्हणून मी सावीच्याच बाजूने आहे.

बाकीची माणसं उभी करायला मराठीने तुमच्या हातात एक फुकटचं हत्यार दिलंय, संबोधनांचं. सावीला कोण ‘तू’ म्हणतं, कोण ‘तुम्ही’, आणि कोण कधी बदलतं, याची यादी करा. राजपुत्र तिला पहिल्यापासून ‘तू’ म्हणत असेल आणि किल्ला पडल्यावर एकदाच ‘तुम्ही’ म्हणाला, तर त्याच्या मनाबद्दल सावीला एक शब्दही खर्च करावा लागणार नाही. तसंच ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘उद्या आम्ही निघतो’ असं ती कोयाजीच्या तोंडावर म्हणाली की म्हातारा बाहेर फेकला गेला. नंतर कधीतरी, फारसं लक्षात न येता, ‘आपण निघू’ तोंडून गेलं की तो आत आला. सावीने ते टिपू नये. कोयाजी टिपेल, आणि वल्ही जरा जोरात मारेल.

शिवाय तिच्या माणसांना तिच्याशी संबंध नसलेली कामं द्या. ती खोलीत शिरते तेव्हा ते तिची वाट बघत बसलेले नसावेत. त्यांचं काहीतरी चाललेलं असावं आणि ती आल्याने ते अडावं. निदान एकाबद्दल तिचं मत चुकलेलं असू द्या, आणि संवाद असे लिहा की वाचकाला ते तिच्याआधी कळेल. ‘मी’च्या गोष्टीत दुय्यम पात्रं जिवंत होतात ती निवेदकाचं मत आणि त्यांचं वागणं यांच्यात फट पडते तिथे.

मालिकेबद्दल एकच गोष्ट, पण ती मला महागात पडली होती. मागे वळून बोलणारी निवेदक वचनं देत असते. माझ्या पहिल्या भागाच्या शेवटी नायिका एका माणसाबद्दल म्हणते, ‘त्यानंतर तो मला कधीच दिसला नाही.’ वाक्य छान वाजलं म्हणून ठेवलं. चौथ्या भागात तो माणूस मला हवा होता. पुस्तक छापून वाचकांच्या हातात गेलेलं. शेवटी त्याला नायिकेच्या डोळ्यांवर पट्टी असताना आणावा लागला. दिसला नाही हे खरंच ठरलं, पण वाचकांनी पकडलं आणि पत्रांतून चांगलं धुतलं. तेव्हापासून एक वही ठेवते. डावीकडे निवेदकाने भविष्याबद्दल काय काय सांगून टाकलंय, उजवीकडे कुणाला कोणती गोष्ट कोणत्या प्रकरणात कळली. दुसरा भाग लिहिताना आणखी एक ठरवावं लागेल. सावी तिन्ही भाग एकाच बैठकीत सांगतेय, की प्रत्येक भाग वेगळ्या वयात? वेगळ्या वयात असेल तर दुसऱ्या भागात मागचा सारांश देण्याची कटकटही सुटते. मोठी झालेली सावी तीच घटना वेगळ्या शब्दांत सांगेल, आणि जुन्या वाचकाला त्या फरकातच गंमत येईल.

आता काम. 60 हजार शब्दांना हात लावू नका. एकच प्रकरण घ्या, मधलं, मारामारी नसलेलं. त्यातल्या ‘मी’ची ‘ती’ करा, क्रियापदं बदला आणि मोठ्याने वाचा. काहीच हरवलं नाही असं वाटलं, तर ते प्रकरण मुळात ‘मी’मध्ये नव्हतंच, सर्वनाम तेवढं होतं. जिथे वाक्य अडेल, ‘हे ती बाहेर कुणाला सांगणार नाही’ असं वाटेल, तिथे खूण करा. सावी तिथे आहे. मग तोच प्रसंग दोन पानांत कोयाजीकडून लिहून घ्या. पुस्तकासाठी नव्हे, सावी त्याच्याबद्दल काय चुकीचं समजते ते तुम्हाला कळावं म्हणून. आणि ती हे सगळं कुणाला सांगतेय ते एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा. माझ्या मालिकेत ते वाक्य तिसऱ्या भागात सापडलं. नायिका सगळं आपल्या मारेकऱ्याच्या मुलीला सांगत होती. पहिले दोन भाग तोवर छापून झाले होते, त्यामुळे त्यांत ते कुठेच नाही. तुमचा अजून एकही छापलेला नाही, तेव्हा आधी ते प्रकरण करून पाहा. खुणा एका पानावर दोनपेक्षा जास्त आल्या तर कळवा. कमी आल्या तर ते पान इथे टाका, बघू.